शिक्का आणि मुदत : हौशी सायकलस्वारांच्या आव्हान-योजनांविषयी

सायकलची शर्यत आणि सकाळचा नित्याचा फेरफटका यांच्या मधल्या पट्ट्यात हौशी सायकलस्वारांचा एक स्वतंत्र व्यवहार गेल्या सव्वाशे वर्षांत आकाराला आला आहे. ठरवून दिलेले अंतर ठरवून दिलेल्या मुदतीत स्वतःच्या बळावर कापायचे, ते कापल्याचा पुरावा वाटेत गोळा करायचा, तो एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेपुढे ठेवायचा आणि संस्थेने नोंद करून घेतल्यावर पदक, प्रमाणपत्र किंवा एखादे बिरुद मिळवायचे, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप आहे. या व्यवहाराला येथे ‘आव्हान-योजना’ म्हटले आहे. तीत क्रमांक लावले जात नाहीत, रोख बक्षिसे नसतात, आणि मुदत संपायला पाच मिनिटे उरली असताना पोहोचलेल्याची नोंद चार तास आधी पोहोचलेल्याच्या नोंदीइतकीच पूर्ण मानली जाते. बाहेरून पाहणाऱ्याला हा प्रकार निरुद्देश वाटण्याची शक्यता आहे. परंतु ज्या अर्थी नोकरी, दुकान, संसार सांभाळणारी हजारो माणसे वर्षानुवर्षे स्वखर्चाने आणि स्वेच्छेने त्यात उतरतात, त्या अर्थी त्याच्या नियमांतच काहीतरी असे असले पाहिजे की जे माणसाला पुन्हा पुन्हा रस्त्यावर आणते. त्या नियमांची घडण, त्यांचा उगम आणि नागपूरसारख्या शहरात त्यांना आलेले रूप यांचा परिचय करून देणे, हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

विवेचनाचे ठिकाण म्हणून नागपुरातील गांधीबाग निवडण्यास कारण आहे. गांधीबाग हा जुन्या नागपुरातला दाट वस्तीचा व्यापारी भाग. इतवारी आणि महाल यांना लागून असलेला, कापडाच्या ठोक बाजारासाठी विदर्भात सर्वपरिचित असलेला आणि महानगरपालिकेच्या दहा झोनांपैकी एकाला आपले नाव देणारा. हातगाड्या, माल उतरवणारे टेम्पो आणि अरुंद गल्ल्या यांमुळे दिवसा येथे सायकल चालवणे म्हणजे जवळजवळ ती हातात धरून चालणेच असते. पण पहाटे हेच ठिकाण लांब पल्ल्याच्या सायकलस्वारासाठी फार सोयीचे ठरते, कारण त्याच्या कडेने जाणारा सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू पूर्वेकडे सरळ पारडीला आणि तेथून भंडारा रस्त्याला मिळतो, उत्तरेला कामठी रस्ता मनसर, रामटेक आणि पेंचच्या जंगलाकडे नेतो, तर शहर ओलांडून दक्षिणेला उतरले की वर्धा रस्त्याने सेवाग्रामची वाट धरता येते. देशाच्या उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे दोन मोठे महामार्ग, ज्यांना जुनी माणसे अजूनही सात नंबर आणि सहा नंबर म्हणतात आणि ज्यांचे आजचे क्रमांक 44 आणि 53 आहेत, ते नागपुरातच एकमेकांना छेदतात. त्यामुळे दोनशे, तीनशे किंवा सहाशे किलोमीटरचा मार्ग आखणाऱ्याला येथे चारही दिशा मोकळ्या आहेत, अशी सोय मुंबईला नाही आणि पुण्यालाही घाटांमुळे इतकी सरळ नाही. शिवाय दुकानदार, गुमास्ता, शिक्षक, डॉक्टर अशा ज्या वर्गाचा दिवस पूर्णपणे बांधलेला असतो आणि ज्याच्या हाती पहाट आणि आठवड्याची एक सुट्टी एवढाच वेळ उरतो, त्याच वर्गासाठी या योजना मुळात उपयुक्त आहेत. सरावात रोज चार तास घालवणे ज्याला शक्य आहे असा खेळाडू त्यांच्या केंद्रस्थानी कधीच नव्हता.

या परंपरेचा आरंभ इटलीत झाला. 1897 च्या जून महिन्यात बारा सायकलस्वार रोमहून नेपल्सला, म्हणजे सुमारे 230 किलोमीटर, सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्या अवधीत पोहोचण्यासाठी निघाले आणि अशा धाडसी स्वारांसाठी ‘ऑडॅक्स’ हे लॅटिन विशेषण रूढ झाले. फ्रान्समध्ये ही कल्पना आणली ती आँरी देग्रांज यांनी, ज्यांनी 1903 मध्ये टूर द फ्रान्स ही जगप्रसिद्ध शर्यत सुरू केली होती. आणि 1904 मध्ये ‘ऑडॅक्स क्लब पॅरिसियँ’ या पॅरिसच्या मंडळाची स्थापना झाली. देग्रांज यांच्या पद्धतीत सर्वांनी एका जथ्याने, एका प्रमुखाच्या मागे, ठरलेल्या गतीने जायचे असे. 1921 मध्ये मंडळाचे आणि त्यांचे मतभेद होऊन ती पद्धत वापरण्याची परवानगी काढून घेतली गेली, तेव्हा मंडळाने स्वतःची वेगळी पद्धत बसवली: जथा नाही, प्रमुख नाही, प्रत्येकाने आपापल्या गतीने जावे, फक्त ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या ठिकाणांवरून गेल्याचा दाखला आणावा. अशा दाखल्याच्या सायकल-प्रवासाला ‘ब्रेव्हे’ म्हणतात आणि तो करणाऱ्याला ‘रँदोनियर’. एका भांडणातून निघालेली ही वाट पुढे मूळ पद्धतीपेक्षा कितीतरी दूरवर पोहोचली, याचे श्रेय तिच्यातल्या मोकळेपणाला दिले पाहिजे, कारण जथ्याने जायचे म्हटले की सगळ्यांत मंद आणि सगळ्यांत वेगवान अशा दोघांचीही कुचंबणा होते, आणि आपापल्या गतीने जायचे म्हटले की साठीच्या माणसालाही जागा मिळते.

या पद्धतीचे सर्वोच्च तीर्थ म्हणजे पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस. 1891 मध्ये ‘ल पती झुर्नाल’ या वृत्तपत्राच्या पिएर जिफार यांनी ती शर्यत म्हणून भरवली; सुमारे 1200 किलोमीटरचे ते अंतर शार्ल तेराँ यांनी 71 तास 22 मिनिटांत, जवळजवळ न झोपता, मिशलँच्या त्या काळी नव्या असलेल्या काढता-घालता येणाऱ्या हवेच्या टायरांवर पार केले. व्यावसायिकांची ती शर्यत दर दहा वर्षांनी होत राहिली आणि शतकाच्या मध्यावर बंद पडली. परंतु 1931 पासून हौशी स्वारांसाठी तिच्याबरोबर सुरू झालेला ब्रेव्हे मात्र टिकला, आणि आज दर चार वर्षांनी जगभरातले हजारो लोक 90 तासांच्या मुदतीत तो पुरा करण्यासाठी फ्रान्सला जातात. शर्यत मेली आणि हौशी प्रवास उरला, ही घटना या विषयाच्या अभ्यासकाने नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता मुदतीचे गणित पाहिले पाहिजे, कारण सारे काही त्याच्यावर उभे आहे. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40, 1000 ला 75 आणि पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिससारख्या 1200 किलोमीटरला 90 तास अशा मुदती आहेत. सहाशेपर्यंतच्या अंतरांत त्या ताशी सुमारे 15 किलोमीटर या सरासरीवर बेतलेल्या असून हजाराच्या पुढे ती सरासरी सव्वातेराच्या आसपास उतरते, म्हणजे झोपेसाठी थोडी सवलत दिली जाते. ताशी पंधरा हा वेग गांधीबागेतल्या रोजच्या सायकलवाल्याला हास्यास्पद वाटेल इतका कमी आहे, परंतु त्या साडेतेरा तासांत जेवण, पाणी, पंक्चर, रस्ता चुकणे, उन्हात झाडाखाली बसणे आणि पोटाच्या तक्रारी हे सर्व धरलेले असते; मुदतीचे घड्याळ थांबत नाही. जो चालताना ताशी वीसचा वेग राखतो त्याची 200 किलोमीटरला दहा तास सायकल चालते आणि बाकीच्या कामांना साडेतीन तास उरतात. जो एका चहाच्या टपरीवर चाळीस मिनिटे रमतो, त्याला ती पुढे वाऱ्याशी झुंजून भरून काढावी लागतात. म्हणूनच अनुभवी स्वार वेगाबद्दल फारसे बोलत नाहीत, थांबण्याबद्दल बोलतात. पहाटे सहाला निघालेल्याने संध्याकाळी साडेसातच्या आत परतायचे, एवढ्या साध्या अटीत दिवसाचा प्रत्येक तास हिशेबाचा होतो.

मुदतीची दुसरी बाजू सर्वसामान्य वाचकाला बहुधा ठाऊक नसते. फार उशिरा पोहोचणे जसे चालत नाही तसे फार लवकर पोहोचणेही चालत नाही. 200 किलोमीटर 5 तास 53 मिनिटांच्या आत कापणाऱ्याची नोंद होत नाही, कारण तपासणीचे ठिकाण तोपर्यंत उघडतच नाही. ज्याला जिंकायचे आहे त्याने दुसरीकडे जावे, असे हा नियम कोणालाही न दुखावता सांगतो. आव्हान-योजनेला शर्यतीपासून वेगळे करणारी याहून चांगली युक्ती या क्षेत्रात दुसरी सापडत नाही, आणि ज्या योजनांनी ती सोडली त्या हळूहळू वेळेच्या याद्या छापणाऱ्या स्पर्धा होऊन बसल्या.

मुदतीइतकेच महत्त्व साक्षीला आहे. निघताना प्रत्येकाला एक जाड कागदाचे घडीचे कार्ड मिळते. मार्गावर ठरावीक अंतरांवर तपासणीची ठिकाणे असतात, ज्यांना सगळे ‘कंट्रोल’ म्हणतात, आणि प्रत्येक कंट्रोलवर कार्डावर शिक्का व वेळ घ्यावी लागते. प्रत्येक ठिकाणी स्वयंसेवक बसवणे परवडत नाही, म्हणून भारतात एटीएमची पावती, पेट्रोल पंपावरचे बिल किंवा ढाब्याची चिठ्ठी हाही पुरावा धरला जातो, कारण तिच्यावर जागा आणि वेळ दोन्ही छापलेले असतात. एखादा स्वार रात्री दोन वाजता महामार्गावरच्या एटीएममधून शंभर रुपये काढताना दिसला तर त्याला पैशांची गरज नसून कागदाची आहे, असे समजावे. कधी कधी आधी न सांगितलेले कंट्रोलही असते, ज्याने मधला वळसा चुकवून जाण्याचा मोह आवरला जातो. कार्ड परत आले की आयोजक ते तपासतो आणि निकाल पॅरिसला पाठवतो. तेथे प्रत्येक पूर्ण ब्रेव्हेला स्वतंत्र नोंदणी-क्रमांक मिळतो. पदक हवे असेल तर ते वेगळे पैसे भरून घ्यायचे असते, आणि अनेकजण ते घेतही नाहीत. भंडारा रस्त्यावर कोणा पंपावरच्या पोऱ्याने दिलेल्या चिठ्ठीचा शेवट पॅरिसच्या नोंदवहीत व्हावा, यात जो विश्वास गृहीत धरला आहे तोच या योजनांचा खरा पाया होय. पावती विकत घेता येते, मोटारीत बसून मधले अंतर कापता येते, कोणीही ते पाहणार नाही. आणि तरीही असे क्वचितच घडते, कारण ज्या बिरुदासाठी रोख काहीच मिळत नाही ते खोटे मिळवण्यात अर्थ उरत नाही. बक्षीस मोठे केले की तपासणी कडक करावी लागते, हे सूत्र क्लब चालवणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

एका हंगामात, म्हणजे 1 नोव्हेंबर ते पुढच्या 31 ऑक्टोबर या काळात, 200, 300, 400 आणि 600 किलोमीटरचे चारही ब्रेव्हे पुरे करणाऱ्यास ‘सुपर रँदोनियर’ हे बिरुद मिळते. सायकलवाल्यांच्या बोलण्यात ते ‘एसआर’ असते आणि ब्रेव्हेला सरसकट ‘बीआरएम’ म्हणतात. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसला जायचे असेल तर त्या वर्षी एसआर पुरी करणे आवश्यक असते. त्यापुढचे बिरुद ‘रँदोनियर 5000’ हे असून त्यासाठी चार वर्षांच्या आत एसआरची मालिका, 1000 किलोमीटरचा ब्रेव्हे, पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस आणि एक ‘फ्लेश’ अशी बेरीज पाच हजारांवर न्यावी लागते. फ्लेश म्हणजे तीन ते पाच सायकलींच्या चमूने 24 तासांत किमान 360 किलोमीटर जायचा सामूहिक प्रवास. त्यात चमूने एका ठिकाणी दोन तासांपेक्षा अधिक थांबायचे नसते आणि किमान तीन सायकली शेवटाला एकत्र पोहोचाव्या लागतात. एरवी ज्याचा त्याचा असलेला हा छंद येथे दुसऱ्याच्या थकव्याशी बांधला जातो, आणि क्लबच्या दृष्टीने पाहिले तर सर्व प्रकारांत फ्लेश हाच सर्वांत मोलाचा ठरतो.

भारतात या परंपरेची घडी बसली ती पुण्याच्या दिव्या ताटे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘ऑडॅक्स इंडिया रँदोनियर्स’ या संघटनेमुळे. तिच्याशी जोडलेले क्लब गेल्या दीड दशकात देशभर पसरले आणि नागपुरातूनही ब्रेव्हे निघू लागले. महाराष्ट्राला सायकलच्या कर्तबगारीची मान्यता त्याआधीही नवी नव्हती; मुंबई–पुणे शर्यतीत खंडाळ्याचा घाट सर्वांआधी चढणाऱ्याला दिला जाणारा ‘घाटाचा राजा’ हा मान कित्येक पिढ्यांना माहीत आहे. परंतु तो मान एकालाच मिळतो. ब्रेव्हेने प्रथमच असे घडले की एखाद्या चाळिशीच्या औषधविक्रेत्याला आणि त्याच्या शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकेला एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, एकच मान मिळू शकला. नागपूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. 2017 मध्ये येथील डॉ. अमित समर्थ यांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4800 किलोमीटरची, बारा दिवसांच्या मुदतीची शर्यत एकट्याने पूर्ण केली; त्याच वर्षी सैन्यदलातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही ती पूर्ण केली होती, आणि त्याच्या दोन वर्षे आधी नाशिकच्या हितेंद्र व महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी दोघांच्या संघातर्फे ती पार केली होती. ही शर्यत आहे, तिच्यात मदतीची गाडी आणि चमू असतो, म्हणून ती या विवेचनाच्या कक्षेबाहेर पडते. तरीही आपल्याच गावातला एक डॉक्टर असे करू शकतो हे दिसल्यावर लांब अंतराकडे पाहण्याची शहराची दृष्टी बदलते, हे नाकारता येत नाही.

याउलट 2019 च्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसचा अनुभव कठोर होता. भारतातून शेकडो स्वार गेले आणि त्यांतल्या बहुसंख्यांना 90 तासांत परतता आले नाही. थंड रात्री, समोरचा वारा आणि ब्रिटनीतले अखंड चढउतार यांचा त्या अपयशात मोठा वाटा होता. त्या मार्गावर मोठा घाट जवळपास नाही, पण लहान लहान टेकड्यांची बेरीज बारा हजार मीटरच्या आसपास जाते. नागपूरच्या स्वाराने यातून स्वतःपुरता बोध घ्यायला हवा: भंडारा आणि वर्धा रस्त्यावर 600 किलोमीटर वेळेत पुरे करणे हे खरे कर्तृत्व असले तरी ते सपाटीवरचे आहे, आणि सपाटीवर साधलेली मुदत चढावर तशीच साधत नाही. नियम सर्वत्र एक असल्यामुळे कागदावर सगळ्या एसआर सारख्या दिसतात. रस्त्यावर त्या सारख्या नसतात. अंतर आणि वेळ मोजणाऱ्या योजनेची ही अंगभूत मर्यादा आहे, आणि ती झाकून ठेवण्यापेक्षा नवख्याला आधीच सांगितलेली बरी.

संस्थेने दिलेल्या बिरुदांच्या पलीकडे, स्वार स्वतःच्या वहीत ठेवतो अशी एक मोजणी या विषयात फार मानाची आहे. आर्थर एडिंग्टन हे केंब्रिजचे थोर खगोलशास्त्रज्ञ. 1919 च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकतो हे दाखवून आइन्स्टाइनच्या सिद्धांताला पुष्टी देणाऱ्या मोहिमेचे ते प्रमुख. ते सायकलचे व्यसनी होते आणि त्यांनी स्वतःसाठी एक अंक ठरवला होता: जितके मैल किमान कापले असे तितकेच दिवस आयुष्यात झाले असतील, तो अंक. म्हणजे एखाद्याने किमान 50 मैलांचे 50 दिवस पुरे केले असतील, पण 51 मैलांचे 51 दिवस झाले नसतील, तर त्याचा एडिंग्टन अंक 50. खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी आपला अंक अजून 75 वरच असल्याचे आणि पावणेपंच्याहत्तर मैलांच्या दोन फेऱ्या हिशेबात न धरता आल्याचे कळवले होते. ज्या दोघांमध्ये ताऱ्यांच्या अंताविषयी इतका तीव्र वाद झाला, त्यांच्यात सायकलच्या अंकाविषयी असा स्नेहाचा पत्रव्यवहार व्हावा, ही विज्ञानाच्या इतिहासातली एक हृद्य नोंद आहे. 1944 मध्ये एडिंग्टन गेले तेव्हा त्यांचा अंक 84 होता.

या अंकाचा गुण असा की तो जसा वाढतो तशी त्याची पुढची पायरी महाग होत जाते. किलोमीटरमध्ये मोजणाऱ्या नागपूरकराचे उदाहरण घेतल्यास, कामठीला जाऊन परत येणाऱ्याच्या फेऱ्या काही महिन्यांत तिशीचा अंक सहज गाठून देतील. पण अंक त्यापुढे न्यायचा म्हणताच त्या साऱ्या फेऱ्या एकदम निकामी होतात आणि मनसरच्या दिशेने दूर जावे लागते. रामटेकला जाऊन येण्याचे अंतर शंभराच्या आसपास आहे. शंभराचा अंक मिळवायचा असेल तर रामटेकचे शंभर वेळा दर्शन घडले पाहिजे, आणि ते एका वर्षात होत नाही. एका मोठ्या पराक्रमाने हा अंक हलत नाही, रोजच्या लहान फेऱ्यांनीही हलत नाही. पुरेसे दूर आणि पुरेसे वारंवार, दोन्ही लागते. शिवाय तो कधी कमी होत नाही, म्हणून आजारपणाचे किंवा लग्नसराईच्या गर्दीचे वर्ष फुकट गेले तरी वही जेथे थांबली तेथूनच पुढे चालू होते. मैलांचा अंक किलोमीटरमध्ये नेण्यासाठी नुसता गुणाकार पुरत नाही, सगळे दिवस पुन्हा मोजावे लागतात. तेव्हा क्लबने एकक आधीच ठरवून ठेवावे. पदक नाही, शुल्क नाही, आयोजक नाही, अशा या मोजणीला प्रत्येक क्लबने आपल्या योजनांत स्थान द्यावे, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते.

बारा महिन्यांच्या योजनेचा प्रश्न मात्र नागपुरात वेगळाच होतो. इंग्लंडमधील ‘ऑडॅक्स यूके’ या संस्थेची एक प्रसिद्ध योजना आहे, जिच्यात सलग बारा महिने, दर महिन्यात किमान एक 200 किलोमीटरचा ब्रेव्हे करावा लागतो. तिची कल्पना जेथे जन्मली तेथे कठीण महिने डिसेंबर-जानेवारीचे असतात: गोठलेले रस्ते, दुपारी चारला मावळणारा सूर्य, पाऊस. विदर्भात हेच महिने सर्वांत सुखाचे आहेत आणि कठीण महिना मे आहे, ज्यात नागपूरचा पारा 45 अंशांवर जातो, डांबर मऊ पडते आणि बाटलीतले पाणी अकराच्या सुमारास तोंडात धरवत नाही इतके तापते. थंडीवर कपड्यांचा उपाय आहे. या उन्हावर तसा उपाय नाही, आणि उष्माघात ही जिवावर बेतणारी गोष्ट आहे. म्हणून येथे उन्हाळ्यातले ब्रेव्हे संध्याकाळी सुरू करून रात्रभर चालवण्याची रीत पडली, जी ऊन चुकवते पण महामार्गावरचा अंधार, झापड आणि उलट दिशेने बिनदिव्याची येणारी वाहने गळ्यात घालते. मनसरच्या पुढे पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गाखाली वाघ-बिबट्यांना पलीकडे जाता यावे म्हणून भुयारी वाटा ठेवलेल्या आहेत, यावरून रात्रीचा तो पट्टा कसा असेल याची कल्पना यावी. परदेशी योजना जशीच्या तशी उचलताना तिच्यामागचे हवामानही आपण उचलत असतो, ही गोष्ट आयोजकांनी विसरू नये. विदर्भासाठी बारा महिन्यांची योजना करायची तर मे महिन्यात 200 ऐवजी सूर्योदयाच्या आधी सुरू होऊन नऊच्या आत संपणाऱ्या दोन लहान फेऱ्या धराव्यात, किंवा तो महिना सरळ वगळून अकरांचाच हिशेब ठेवावा. यात आव्हान सौम्य होत नाही, ते येथल्या भूमीचे होते.

मोबाइलवरच्या अ‍ॅप्सनी या क्षेत्रात जी भर घातली ती संख्येने प्रचंड आहे. महिन्यात इतके किलोमीटर, आठवड्यात इतका चढ, सलग शंभर दिवस सायकल, अशा आव्हानांना सामील होण्यासाठी बोट टेकवणे पुरते आणि पूर्ण होताच पडद्यावर बिल्ला उमटतो. त्यांनी असंख्य माणसांना घराबाहेर काढले, हे मान्य केले पाहिजे. तथापि सलग दिवसांच्या योजनेत तापात असलेला माणूसही गादीवरून उठून दारातल्या दारात सायकल फिरवून येतो, आणि महिन्याच्या किलोमीटरच्या योजनेत तीस तारखेच्या रात्री उरलेले अंतर अंबाझरी तलावाला वेढे घालून भरले जाते; मोजणीची भूक अशी वाढली की प्रवासच मोजणीचा नोकर होतो. फ्रान्सच्या सेंत-एत्येन गावचे पोल द विव्ही, ज्यांना सायकलविश्व ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ओळखते आणि ज्यांच्या स्मरणार्थ 1947 मध्ये पहिली फ्लेश निघाली, त्यांनी सायकल-प्रवाशासाठी सात नियम घालून दिले होते. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, खाणे-झोपणे नकोसे होईल इतके थकू नये, अशा आशयाच्या त्या नियमांतला सातवा असा आहे की केवळ मिरवण्यासाठी पेडल मारू नये. ज्या माणसाच्या स्मरणार्थ फ्लेश सुरू झाली, त्यानेच तो इशारा देऊन ठेवला होता.

महाराष्ट्राच्या मातीत याच जातीचा पण वेगळ्या प्रेरणेचा एक प्रयोग रुजला आहे, त्याचाही उल्लेख येथे आवश्यक आहे. नाशिकच्या ‘नाशिक सायक्लिस्ट्स फाउंडेशन’सारख्या संस्था आषाढीच्या आधी पंढरपूरची सायकल वारी काढतात, शेकडो माणसे जथ्याने, मुक्काम करीत, भजने म्हणत जातात. मुदत आहे, अंतर आहे, पण पडताळणी नाही आणि कोणी ती मागतही नाही. देग्रांज यांची जथ्याची पद्धत फ्रान्समध्ये मागे पडली, ती येथे वारीच्या शिस्तीमुळे सहज अंगवळणी पडली, कारण दिंडीत पुढच्याने मागच्यासाठी थांबणे ही गोष्ट मराठी माणसाला वेगळी शिकवावी लागत नाही.

या सर्वांचा विचार करता नागपूरच्या क्लबांपुढे, विशेषतः गांधीबागेसारख्या जुन्या वस्तीतल्या लहान गटांपुढे, स्वतःची एक योजना बांधण्याचे काम उरते. तिचे मार्ग जवळचे असावेत: रामटेक, सेवाग्राम, भंडारा, आणि वर्षातून एकदा, हिवाळ्यात, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास असलेले चिखलदरा, जेथे मेळघाटाचा चढ सपाटीवरच्या पायांची खरी परीक्षा घेईल. ठिकाण एकदा गाठले की वहीत त्याची नोंद व्हावी, पुरावा म्हणून चहाच्या टपरीवरची सही चालावी, आणि वेळेची यादी लावू नये. मुदत इतकी सैल असावी की साध्या काळ्या सायकलवर निघालेला कापडबाजारातला हमालही तीत बसेल, कारण महागड्या कार्बनच्या सायकलींनी या छंदाभोवती जे कुंपण घातले आहे ते तोडण्याचे सामर्थ्य मुदतीच्या एका आकड्यात असते. हेल्मेट, पुढचा पांढरा व मागचा लाल दिवा आणि परावर्तक जाकीट यांबाबत मात्र तसूभरही सवलत असू नये. ज्याच्याकडे ती नसतील त्याला क्लबने उसनी द्यावीत, पण त्यांच्यावाचून महामार्गावर सोडू नये. नोंदवही एका व्यक्तीकडे न ठेवता दोघांकडे असावी, म्हणजे एकजण गाव सोडून गेला तरी बिरुदांचा इतिहास त्याच्याबरोबर जाणार नाही, आणि पहिल्या वर्षी कोणालाही पदक न देता फक्त वही चालवून पाहावी. वर्षाअखेरीस तीत किती नावे पुन्हा पुन्हा येतात यावरून पदके पाडायची की नाही हे ठरवता येईल.